पाणंद व ग्रामपंचायतीचे रस्ते

महाराष्ट्रातील खेड्यात गावठाणातल्या गल्ल्या व बोळ, गावातून शिवारात उतरणाऱ्या पाणंदी, वाड्यावस्त्यांच्या वाटा आणि शाळा, पाणवठा व स्मशानभूमीकडे जाणारे मार्ग यांची निगा व आखणी प्रामुख्याने ग्रामपंचायतीकडे असते. दोन्ही बाजूंच्या शेतांच्या बांधांमधून गेलेली, बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीची वाट म्हणजे पाणंद. विदर्भात तिला पांदण म्हणतात. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शिवरस्ता. कोकणातील डोंगरउतारावरच्या वस्तीत गाडीवाटेपेक्षा जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आणि वहाळावरचा (ओढ्यावरचा) साकव म्हणजे छोटा पूल यांचेच महत्त्व अधिक असते.

रस्त्यांची आज रूढ असलेली उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेतून आली. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत, राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, अशी महाराष्ट्रातील सर्वसाधारण विभागणी आहे. या पाचही वर्गांत न बसणारे, बहुधा क्रमांक नसलेले रस्ते ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४५ नुसार ग्रामसूचीतील कामे हे पंचायतीचे कर्तव्य ठरते आणि त्या सूचीत सार्वजनिक रस्ते, गटारे, बांध व पूल यांची बांधणी व दुरुस्ती येते. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील १३ वी नोंदही रस्ते, मोऱ्या, पूल, तरी व जलमार्ग यांविषयीचीच आहे.

रस्ता जमिनीवर दिसणे आणि कागदावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्रामपंचायतीच्या पुष्कळशा अडचणी या फरकातून निघतात. जुन्या महसुली मोजणीच्या गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साधारणतः साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. हे आकडे मोजणीच्या साखळीतून आलेले आहेत: साखळी ३३ फुटांची व तिचे सोळा आणे, त्यामुळे पाव साखळी म्हणजे सव्वाआठ फूट आणि अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा फूट. (एका साखळीचा चौरस म्हणजेच एक गुंठा.) शेजारच्या शेतकऱ्यांनी दर पेरणीला बांध हातभर पुढे सरकवला, की काही वर्षांत साडेसोळा फुटांची पाणंद बैलगाडीलाही पुरत नाही, मात्र नकाशावरची रुंदी तशीच राहते, म्हणून हद्द निश्चित करताना आधार नकाशाचाच घ्यावा लागतो.

दुसरा कागद पंचायतीचा स्वतःचा. ग्रामपंचायतीचा नमुना २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही. तीत रस्त्याचे नाव, लांबी, रुंदी, प्रकार आणि बांधणी व दुरुस्तीचा खर्च नोंदवायचा असतो. ही वही अद्ययावत असलेली पंचायत निधी मागताना व अतिक्रमण हटवताना ठामपणे बोलू शकते. नोंदच नसेल तर रस्ता सार्वजनिक आहे येथपासून सिद्ध करावे लागते, आणि तोवर अंदाजपत्रकही पुढे सरकत नाही. रस्त्याचे नियोजन खरे तर या वहीपासूनच सुरू व्हायला हवे. प्रत्यक्षात अनेकदा ती काम मंजूर झाल्यावर उघडली जाते.

अडवलेल्या वाटेबाबत कायद्याचे मार्ग वेगवेगळे आहेत आणि त्यांची गल्लत झाल्याने शेतकऱ्यांचा हंगाम वाया जातो. वहिवाटीचा अस्तित्वातील रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला मुळात वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागावा लागतो. गावातील सार्वजनिक रस्त्यावर ओटा, कुंपण किंवा पायरी पुढे आली असेल, तर १९५८ च्या अधिनियमाच्या कलम ५३ ने ती काढण्याचा अधिकार पंचायतीलाच दिला आहे. तो वापरणे सोपे नसते, कारण नोटीस बजावणारे आणि ती घेणारे एकाच आळीत राहतात. म्हणून पुष्कळ गावांत आधी बैठक होते, मोजणीची तारीख ठरते आणि दोन्ही बाजूंनी सारखी जागा सोडण्यावर तडजोड केली जाते. अशी तडजोड लेखी नसेल तर वारसांच्या काळात ती टिकत नाही. शेतरस्त्यांची नोंद सातबारावरील ‘इतर हक्क’ सदरात घेण्याचे धोरण शासनाने २०२५ मध्ये स्वीकारले, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

नियोजनाचा वार्षिक क्रम ग्रामसभेत सुरू होतो. वॉर्डांतून व वस्त्यांतून आलेल्या मागण्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात मांडल्या जातात, पंचायत समितीचे अभियंते जागेवर येऊन अंदाजपत्रक करतात, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा व कार्यारंभ आदेश असा प्रवास होतो. झालेले काम मोजमाप पुस्तिकेत नोंदल्यावर देयक निघते. पैसा अनेक वाटांनी येतो. घरपट्टीचे स्वउत्पन्न तुटपुंजे असते. १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होता. रस्त्यांना उरलेल्या अबंधित भागातूनच हात घालता येई. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत कामे ‘२५१५’ या लेखाशीर्षाखाली येतात आणि गावात तो आकडाच कामाचे नाव होऊन बसतो. पाणंदींसाठी पालकमंत्री योजना (२०१८) व मातोश्री ग्रामसमृद्धी योजना (२०२१) आल्या. रोजगार हमीतून रस्ता करताना २००५ च्या केंद्रीय कायद्याने ठरवलेले मजुरी व साहित्य यांचे ६०:४० प्रमाण आड येई, कारण मातीकामाला मजूर भरपूर लागतात, पण खडीकरणाचा खर्च साहित्य व यंत्रांवरच होतो.

या साऱ्या वाटा मुख्यतः नव्या कामाकडे जातात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत (२०००) रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. पाणंदीला असा कोणी वाली नसतो. त्यामुळे मुरूम पसरलेली वाट दोन पावसाळ्यांत पुन्हा चिखलाची होते आणि तीच पुन्हा नवे काम म्हणून आराखड्यात येते.

रस्ता खराब करते ते मुख्यतः साचलेले पाणी. काळी माती ओली होताच फुगते आणि सुकताना भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट खडी दाबली तर ती चिखलात रुतते; वरची काळी माती काढून किंवा तिच्यावर कठीण मुरमाचा पुरेसा थर देऊन मगच खडीकरण करावे लागते. मध्यभाग उंच ठेवून दोन्ही कडांना उतार देणे, बाजूचे चर मोकळे ठेवणे आणि ओघळ आडवा येतो तेथे मोरी बसवणे, ही तीन कामे झाली तर साध्या मुरमाचा रस्ताही तग धरतो. यांतला पहिला बळी चरांचा जातो: बांधाच्या लोभात ते बुजवले जातात आणि पाणंद स्वतःच ओढा बनते. मे महिन्यात चर व मोऱ्यांतील गाळ काढणे हे अल्प खर्चाचे काम आहे, पण त्याचे उद्घाटन होत नसल्याने ते बहुधा मागे पडते. ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओल्या वाटेवर चाकोऱ्या पाडतात. त्या लगेच भरल्या नाहीत तर पुढच्या पावसाचे पाणी त्यांतच मुरते.

गावठाणातील दुखणे वेगळे आहे. तेथे जुना थर न काढता त्यावरच नवे काँक्रीट ओतले जाते, रस्ता दर खेपेला वीतभर वर येतो आणि जुन्या घरांचे उंबरे खाली जाऊन पावसाचे पाणी आत शिरते. सर्वाधिक त्रास रस्त्याच्या उतारावर, टोकाला असलेल्या जुन्या घरांना होतो. गटाराची पातळी आधी ठरवून रस्त्याची उंची त्यावरून काढणे हा यावरचा उपाय असून अंदाजपत्रकात गटार व रस्ता एकाच कामात धरल्याशिवाय तो साधत नाही. नळजोडणीसाठी नवा रस्ता खोदला जाऊ नये म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वीच प्रत्येक घरासमोर आडवे पाइप घालून ठेवतात, आणि त्यांच्या जागा नमुना २३ मधील नोंदीसोबत नकाशावर दाखवून ठेवल्या तर पुढच्या प्लंबरला त्या शोधण्यासाठी रस्ता फोडावा लागत नाही.