गूगलवरून काढलं म्हणजे नेटवरून गेलं असं नाही

"गूगलान काढल्यान, आता सुटलंय." आपल्याबद्दलची नकोशी बातमी गूगलच्या शोधातून निघाली की असं म्हणणारे मालवणात इतके जण ऐकलेत की एकदाचं लिहूनच टाकते.

गूगलवर स्वतःचं नाव टाकून बघणं सगळ्यांना येतं, ते सोडून देऊ. घोळ होतो तो पुढे. गूगल ही नुसती पाटी आहे. कसालच्या तिठ्यावरची मालवणची पाटी काढली तर नवखा माणूस चुकेल, पण मालवण जागच्या जागीच राहील आणि वाट माहीत असलेला येईलच. बातमीचंही तसंच. गूगलने दुवा काढला तरी पान मूळ पोर्टलवर असतं. बिंगसारख्या दुसऱ्या सर्च इंजिनवर सापडू शकतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या लिंकवरून तर हमखास उघडतं.

'विसरलं जाण्याचा हक्क' म्हणून युरोपातला २०१४चा निकाल पुढे करतात, तोही असाच अर्धा ऐकलेला. स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या थकबाकीपोटी काढलेल्या लिलावाच्या नोटिसा १९९८ साली पेपरात आल्या होत्या. त्याच्या नावाने शोधल्यावर गूगलने ते दुवे दाखवू नयेत, एवढंच ठरलं. पेपरच्या साइटवरची पानं काढायला कोणी लावलं नाही.

तारकर्लीला न्याहारी निवास चालवणारे आमचे एक काका बोटीवरच्या भांडणात अडकले आणि पुढे कोर्टातून निर्दोष सुटले. नेटवर मात्र बातमी अटकेचीच. 'नाव पुसून देतो' म्हणणाऱ्या एजंटने पैसे घेतले, गूगलवर कसलासा अर्ज केला आणि गायब झाला. अशा एजंटांची मला मनस्वी चीड आहे. मग आम्ही निकालाची प्रत जोडून संपादकांना साधं पत्र लिहिलं. बातमी काढा असं नाही, निकाल वर जोडा असं. मी नेहमी हेच सुचवते: पान गेलं तरी गावातली कुजबुज उरते, आणि दाखवायला हातात काही राहत नाही.

मूळ पान बदललं की मगच गूगलचं 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' वापरायचं, म्हणजे शोधात दिसणारा जुना मजकूर ताजा करायला सांगणारा अर्ज. पान जसंच्या तसं असेल तर ते चालत नाही. फोन नंबर किंवा घरचा पत्ता उघडा पडला असेल तर गूगलचीच 'रिझल्ट्स अबाउट यू' ही सोय वापरा, पण तीही पाटीच काढते.

काकांची बातमी आणखी दोन पोर्टलांनी उचलली होती. त्यांना वेगळी पत्रं गेली. एकाने दुरुस्ती केली, दुसऱ्याच्या मागे आम्ही अजून आहोत.