तोंडातले फोडांचे आजार : ऊतींमधले सूक्ष्म बदल

तोंडात फोड येतात, दिवसभरात फुटतात आणि मागे सालपट निघालेली लाल जखम राहते, अशा आजारांचा हा गट. बाहेरून बघून यातले बरेचसे ओळखू येत नाहीत. नागपुरात पेशंट येतो तो "तोंड आलंय" एवढंच सांगत, सावजी सोडा साधं वरण पण झोंबतं म्हणतो, आणि तोवर बी-कॉम्प्लेक्सच्या दोन-चार पट्ट्या संपलेल्या असतात. खरं निदान होतं तोंडातला छोटा तुकडा काढून स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की, आणि तिथे पहिला प्रश्न एकच, थर सुटला तो नेमका कुठून.

तोंडाच्या आतल्या अस्तराला एपिथेलियम म्हणतात, पेशींचे थरावर थर असतात. पेशी एकमेकींना डेस्मोसोमने चिकटलेल्या, आणि सगळ्यात खालची बेसल पेशींची ओळ हेमिडेस्मोसोमने खालच्या पडद्याला धरून बसलेली. पहिली पकड सुटली तर फोड एपिथेलियमच्या आत होतो, दुसरी सुटली तर अख्खं एपिथेलियमच खालून उचललं जातं.

पेम्फिगस व्हल्गारिस हा पहिल्या प्रकारातला मुख्य आजार, आणि बऱ्याच पेशंटमध्ये तो अंगावर यायच्या कितीतरी आधी तोंडात सुरू होतो. सुरुवातीला पेशींच्या मधे पाणी साचतं, मग बंध तुटतात आणि पेशी सुट्या होऊन गोल होतात, याला ॲकँथोलिसिस म्हणतात. चीर बेसल ओळीच्या बरोबर वर पडते, बेसल पेशी मात्र जागेवरच उभ्या राहतात कारण त्यांची खालची पकड शाबूत असते. पुस्तकांत याला कबरीच्या दगडांची रांग म्हणतात, पण भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला धान कापल्यावर बांधीत उरलेली धसकटं जास्त पटकन आठवतील. फोडाच्या पाण्यात तरंगणाऱ्या सुट्या पेशींना झँक पेशी म्हणतात (आर्नो झँकने १९४७ च्या सुमारास ही खरवडून बघायची पद्धत रूढ केली), केंद्रक मोठं गडद आणि भोवती फिकट वलय. सूज आणणाऱ्या पेशी सुरुवातीला फार नसतात, कधी इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसतात.

ॲकँथोलिसिस हा शब्द व्हिएन्नाच्या हाइनरिश ऑस्पिट्झने १८८१ मध्ये वापरला असं साधारण धरतात. पण तीच पेम्फिगसची खूण आहे हे ठरवण्याचं श्रेय कोणाला द्यायचं यावर एकमत नाही. काही जण पॅरिसच्या ॲशिल सिवातच्या १९४३ च्या कामाला देतात, काही वॉल्टर लीव्हरला, कारण १९५३ मध्ये त्याने पेम्फिगॉइड हा दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे अख्खं एपिथेलियम उचललं जाणारा आजार ऊतींच्या आधारावर वेगळा काढला आणि तिथून पुढे ही वाटणी सगळीकडे मानली गेली. सिवातचं पारडं जड वाटतं, लीव्हरने त्याच खुणेचा उपयोग केला असं म्हणणं जास्त बरोबर. बोटाने घासलं की वरचा थर सरकतो ही निकोल्स्कीची खूण या सगळ्याच्या आधीची, १८९० च्या दशकातली, पण तिच्यावरून थर कुठून सुटला ते कळत नाही, त्यामुळे इथे तिचा उपयोग मर्यादित.

पेशी सुटतात का यावरचा वाद अजून चालूच आहे. १९६४ मध्ये बॉयटनर आणि जॉर्डन यांनी पेशंटच्या रक्तात पेशींच्या मधल्या भागाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी दाखवल्या, पुढे त्यांचं लक्ष्य डेस्मोसोममधली डेस्मोग्लीन ३ आणि १ ही प्रथिनं आहेत हे कळलं. भरपाईचा सिद्धांत असा, की एक डेस्मोग्लीन निकामी झालं तरी दुसरं सांभाळून घेतं, पण तोंडात डेस्मोग्लीन १ फार कमी असल्याने फक्त ३ विरुद्धच्या अँटीबॉडीनेही तोंड सोलून निघतं आणि अंग साफ राहतं. हे पटतं, पण अडचण अशी की तोंडात डेस्मोग्लीन ३ सगळ्या थरांत असतं, मग चीर बेसल ओळीच्या वरच का, याचं उत्तर नुसत्या भरपाईतून मिळत नाही. म्हणून काही संशोधक म्हणतात अँटीबॉडी चिकटली की पेशीच्या आत संदेश सुरू होतात, आतला सांगाडा आकसतो, बेसल पेशी आक्रसून शेजारणीपासून तुटते. एकच कारण धरून बसण्यापेक्षा भरपाई पाया आणि आतले संदेश त्यावरची भर असं मानणं सध्या सोयीचं दिसतं.

इम्युनोफ्लोरेसन्समध्ये (चमकणारा रंग लावून अँटीबॉडी कुठे बसल्यात ते बघायची तपासणी) आयजीजी हा अँटीबॉडीचा प्रकार प्रत्येक पेशीभोवती चमकतो, मासे धरायच्या जाळीसारखं. कॅन्सरसोबत येणाऱ्या पेम्फिगसमध्ये (१९९०, अनहाल्ट आणि सहकारी) जाळीसोबत खालच्या पडद्यावर पण चमक असू शकते आणि स्लाइडवर ॲकँथोलिसिससोबत मेलेल्या पेशी दिसतात.

म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड दुसऱ्या प्रकारातला. हिरड्या लालभडक होऊन सोलतात. एपिथेलियम अख्खं निघतं, ॲकँथोलिसिस नाही, आणि कधी तुकडा बाटलीत टाकतानाच वरचा थर सुटून वेगळा तरंगतो, मग स्लाइडवर एपिथेलियम नाहीच असा रिपोर्ट येतो. आयजीजी आणि सी३ (रक्तातलं प्रतिकाराचं एक प्रथिन) पडद्यावर सरळ रेषेत बसतात. लक्ष्य बहुतेक वेळा बीपी १८० असतं, काहींत लॅमिनिन ३३२, दोन्ही खालची पकड धरणारी प्रथिनं. मिठाच्या पाण्याने त्वचा दुभंगून तपासली तर पहिल्याची चमक दुभंगलेल्या जागेच्या छताला, दुसऱ्याची तळाला येते. लॅमिनिनवाल्यांत कॅन्सर शोधायची पद्धत आहे. हा आजार डोळ्यात व्रण करतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवणं चुकवू नये.

फोडांच्या लायकेन प्लेनसमध्ये बेसल पेशी वितळतात आणि खाली लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा पट्टा असतो. मेलेल्या पेशींच्या गुलाबी गोळ्यांना सिवात बॉडी म्हणतात, तोच सिवात. हर्पिसमध्ये पेशी फुगतात, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी होतात आणि केंद्रकात व्हायरसचे गोळे दिसतात. हर्पिसमध्ये पण पेशी सुटतात, त्यामुळे खरवडलेल्या नमुन्यावर घाईने पेम्फिगस लिहू नये. लिनियर आयजीए या आजारात पडद्यावर आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीची रेषा, डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसमध्ये पॅपिलांच्या (एपिथेलियममध्ये वर घुसलेल्या खालच्या ऊतीच्या उंचवट्यांच्या) टोकाला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे गोळे आणि दाणेदार आयजीए.

तुकडा कुठून घेतला यावर निम्मं निदान असतं. जखमेच्या मधून घेतला तर नुसती मेलेली ऊती येते, काठाजवळची न सोललेली जागा हवी. दोन तुकडे घ्यायचे, एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी मिशेलच्या द्रावात (अँटीबॉडी शाबूत ठेवणारा द्राव). दोन्ही फॉर्मालिनमध्ये गेले की दुसरी तपासणी वाया, आणि ही चूक वाटते तितकी दुर्मिळ नाही.

नागपूरकडे आणखी एक गुंता आहे, पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा. मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलेल्या आजारात, जो सुपारीने होतो, सुरुवातीला तोंडात जळजळ आणि बारीक फोड येतात, मग तोंड उघडणं कमी होतं. स्लाइडवर एपिथेलियम पातळ आणि खाली कोलॅजेनचे तंतू जाड, पुढे काचेसारखं गुळगुळीत गुलाबी. मेडिकलच्या किंवा डेंटलच्या ओपीडीत खर्रा खाणारा माणूस फोड घेऊन आला की आधी हेच डोक्यात येतं, आणि बऱ्याचदा बरोबरही असतं. पण ॲकँथोलिसिस हा त्या आजाराचा भाग नाही, तो दिसला तर खर्र्याच्या नावावर न टाकता काठाजवळचा नवा तुकडा मिशेलच्या द्रावात पाठवायचा.