कुरकुर आणि विलाप

आई आयसीयूत होती त्या सातव्या रात्री मी बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करत होते. प्रार्थना कसली, भांडतच होते. "प्रभू, अजून किती दिवस? ऐकतोयस ना तू?" शेजारी बसलेल्या आत्याने माझा हात दाबला. "देवाजवळ कुरकुर करू नये गं."

कुरकुर हा शब्द आपल्या बायबलमधलाच आहे. पण मी करत होते तो विलाप होता. दोन्हींत दुःख तेच, डोळ्यांतलं पाणी तेच, म्हणून आपली गफलत होते.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. रानात देवाने दिलेलं अन्न, मान्ना, खाऊन कंटाळलेले इस्राएली लोक मिसरातले (इजिप्तमधले) मासे, काकड्या, कांदे आठवून आपापल्या डेऱ्याच्या दाराशी रडत बसतात. आपसात बोलतात, देवाकडे तोंड करत नाहीत. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशेही वैतागतो. "या सगळ्यांना मी जन्म दिला का? असंच चालायचं असेल तर मला मारून टाक," असं तो थेट देवालाच सुनावतो. शब्द लोकांपेक्षा जहाल, तरी देव त्याच्यावर रागावत नाही. ओझं वाटून घ्यायला सत्तर वडीलधारे देतो.

मराठीत हा फरक एका अक्षरात पकडता येतो, कारण देवाला आपण अरे-तुरेच करतो. "तू ऐकत नाहीस" हा विलाप. "तो काही ऐकत नाही" ही कुरकुर. 'तू'चा 'तो' झाला की आपण पाठ फिरवलेली असते. देहूच्या तुकोबांनी विठोबाशी भांडणं काढली ती समोर उभं राहूनच, त्यामुळे मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एकतृतीयांश विलापाची आहेत. तेरावं तर "कोठवर?" असं चारदा विचारतं. ते शेवटी गाण्याकडे वळतं, पण अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही, अंधारातच संपतं. मला तेच जास्त धीर देतं, कारण त्याची सुरुवात 'माझ्या तारणाऱ्या देवा' अशी हाक मारून होते. उजेड दिसत नसताना कुणाला तरी हाक मारणं, आशा एवढीच असते कधीकधी. वधस्तंभावर येशूच्या ओठांवर आलं तेही बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

इथून जवळच, केडगावला, पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. आपल्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत त्यांनी जे दिलं, त्यात विलापगीत नावाचं अख्खं पुस्तकही आहे. म्हणून प्रार्थनासभेत कुणी रडायला लागलं की घाईघाईने "प्रभूची इच्छा" म्हणून त्याचं तोंड बंद करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

त्या रात्री मी मोबाईलवर तेरावं स्तोत्र उघडून आत्यापुढे धरलं. तिने चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं, पुन्हा वर सरकवून वाचलं. "तुझे काका गेले तेव्हा हे मला कुणी दाखवलं नाही," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ डोळे मिटून बसली, आणि तिच्या तोंडून "कोठवर" एवढंच मला ऐकू येत राहिलं.