ध्रुवीय खाऱ्या तळ्यांतील कोपेपॉड

कोपेपॉड हे झिंगे-खेकड्यांच्या कवचधारी गटातले अगदी लहान जलचर. पूर्व अंटार्क्टिकातील व्हेस्टफोल्ड टेकड्यांमधली खारी तळी आणि लगतचे उपसागर येथे त्यांच्या मोजक्याच जाती टिकून आहेत. पॅरालॅबिडोसेरा अंटार्क्टिका आणि ड्रेपॅनोपस बायस्पायनोसस या त्यांतल्या प्रमुख जाती. पूर्ण वाढलेला प्राणी जेमतेम दोन मिलिमीटरांचा असतो. भारताचे ‘भारती’ संशोधन केंद्र येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, लार्समन टेकड्यांत आहे. तिथली तळी मात्र बहुतेक गोड्या पाण्याची.

मराठी मुलखाला हा गट तसा परका नाही. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरवणारा सायक्लॉप्स हाही कोपेपॉडच. पाणी फडक्याने गाळून प्या, असे गावोगाव सांगितले जाई ते त्याच्याचमुळे. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. अंटार्क्टिकातल्या या भाऊबंदांचा माणसाला काहीच उपद्रव नाही.

हिमयुग ओसरल्यावर बर्फाच्या भारातून सुटलेली जमीन हळूहळू वर आली आणि समुद्राचे काही फाटे तुटून त्यांची तळी झाली. आत अडकलेल्या जिवांपैकी फार थोडे तगले. बर्टन तळ्याचा समुद्राशी संबंध अजून पुरता तुटलेला नाही; एस तळ्याचा केव्हाच तुटला.

निफाडला पारा शून्याकडे घसरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, कारण पेशींतले पाणी गोठले तर कोवळी फूट जळते. या कोपेपॉडना ती धास्ती नाही. समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते आणि त्यांच्या अंगातला द्रवही जवळपास तितकाच खारा असतो. खरी अडचण अन्नाची आणि प्राणवायूची. एस तळे सुमारे २५ मीटर खोल आहे, पण साधारण १२ मीटरांखाली प्राणवायूच नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला आहे. म्हणजे राहायला वरचाच थर. तिथे सूक्ष्म शैवाल खाऊन त्यांचे भागते, आणि तळ्यात मासे नसल्याने त्यांना खाणारेही फारसे कोणी नाही.

पॅरालॅबिडोसेराची समुद्रातली पिल्ले हिवाळा सागरी बर्फाच्या खालच्या थरात काढतात आणि त्यातले शैवाल खातात. तळ्यातल्या त्यांच्या भाईबंदांनी ही सवय सोडली आहे. ती पाण्यातच वाढतात. एकाच जातीत असा फरक पडावा, हे या तळ्यांच्या अभ्यासातले सर्वांत लक्षणीय निरीक्षण म्हणावे लागेल.

खारेपणालाही मर्यादा आहे. जवळच्याच डीप तळ्याचे पाणी समुद्राच्या जवळजवळ दहापट खारे असून ते हिवाळ्यातही गोठत नाही. त्यात मीठप्रिय सूक्ष्मजीव आहेत, कोपेपॉड नाहीत.