सिंपथेटिक नसेची नोंद आणि एचआरव्हीतला ‘एलएफ’

एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचे हेलकावे. त्याच्या अहवालात एलएफचा, म्हणजे कमी वारंवारतेच्या हेलकाव्यांचा, आकडा मोठा दिसला की ‘सिंपथेटिक वाढलंय’ (ताणात शरीराला सज्ज करणारी मज्जासंस्था चढली आहे) असं सरसकट सांगितलं जातं. हा निष्कर्ष बहुतेक वेळा टिकत नाही, कारण नसेतून किती संदेश जातात आणि हृदयाचा वेग किती हेलकावतो, ही दोन वेगळी मोजमापं आहेत.

सिंपथेटिक नसेची थेट नोंद मायक्रोन्यूरोग्राफीने घेतात. १९६०च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालात हागबार्थ आणि वाल्बो यांनी हे तंत्र घडवलं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला पेरोनियल नस हाडाजवळून जाते. तिच्यात टंगस्टनची बारीक सुई घालून स्नायूंच्या रक्तवाहिन्यांकडे जाणारे तंतू शोधतात. श्वास रोखल्यावर संदेशांचे झोत वाढले आणि अचानक टाळी वाजवल्यावर काही फरक पडला नाही, तर जागा बरोबर. टाळीला झोत उसळला, तर सुई त्वचेच्या तंतूंत आहे, पुन्हा शोधायचं. सुई किंचित सरकली तरी सगळी नोंद वाया जाते.

हे झोत नाडीच्या तालावर येतात. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्तदाब खाली आला की दाबसंवेदकांचा लगाम सैल होतो आणि मेंदूच्या देठातून एक झोत सुटतो. पातळ, आवरणरहित तंतूंतून तो सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने उतरतो, म्हणून ईसीजीतल्या ‘आर’ शिखरानंतर (ठोक्याच्या खुणेनंतर) पायात उमटायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. मोजणी मिनिटाला किंवा शंभर ठोक्यांमागे किती झोत, अशी होते.

एलएफमध्ये नसेला हात लागतच नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर घेऊन त्याचे हेलकावे वारंवारतेनुसार वेगळे करतात: ०.०४ ते ०.१५ हर्ट्‌झ एलएफ, ०.१५ ते ०.४० एचएफ (जास्त वारंवारता). एचएफ मुख्यतः श्वासाबरोबर होणारा व्हेगसचा, म्हणजे हृदयाला मंदावणाऱ्या नसेचा, खेळ. सिंपथेटिकचा परिणाम हृदयावर सावकाश चढतो, इतक्या जलद लयीमागे तो धावू शकत नाही. पण त्यावरून ‘उरलेला एलएफ सिंपथेटिकचा’ असं ठरत नाही. ॲट्रोपिन या औषधाने व्हेगस बंद केली की एलएफही बराचसा नाहीसा होतो.

दोन्हींतली फारकत हार्ट फेल्युअरमध्ये उघड दिसते. आजार गंभीर असेल तर जवळजवळ प्रत्येक ठोक्यामागे झोत असतो आणि एलएफ मात्र क्षीण किंवा गायब. एलएफ मोजतो हेलकावा, पातळी नाही; पातळी सतत वर अडकली की हेलकावायला जागाच उरत नाही. निरोगी माणसाला टिल्ट टेबलवर उभं केलं तर झोत वाढतात आणि एकूण हेलकाव्यातला एलएफचा वाटाही वाढतो. गोंधळाचं मूळ बहुधा इथेच आहे.

मेंदूच्या लयींशी नातं झोपेत चांगलं दिसतं. गाढ झोपेत ईईजीवर (मेंदूच्या विद्युत नोंदीवर) संथ मोठ्या लहरी येतात तेव्हा झोत खूप कमी होतात. स्वप्नांच्या आरईएम झोपेत ते जागेपणीपेक्षाही वर जाऊ शकतात. हलक्या झोपेत के-कॉम्प्लेक्स (ईईजीवरची एकटी मोठी लहर) उमटला की त्यापाठोपाठ अनेकदा एक ठळक झोत येतो.

एचआरव्ही वाचताना सर्वात आधी श्वास मोजा. प्राणायामात मिनिटाला सहा श्वास घेतले की श्वासाची लय ०.१ हर्ट्‌झवर येते, म्हणजे थेट एलएफच्या पट्ट्यात. शांत बसलेला माणूस मग आकड्यांत ‘तणावग्रस्त’ ठरतो! त्यामुळे श्वासाची नोंद नसेल तर एलएफ-एचएफ गुणोत्तरावर काहीही ठरवू नये. नोंद निवांत पडून किमान पाच मिनिटांची हवी. जास्तीचे अवेळी ठोके काढून टाकावेत, एकानेही स्पेक्ट्रम (वारंवारतांची विभागणी) बिघडतो. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचा ताल पूर्ण अनियमित होणं) असेल तर हे विश्लेषण करूच नये.

नसेच्या नोंदीलाही मर्यादा आहे: ती पायाच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्यांविषयी सांगते. हृदयाकडे जाणारी सिंपथेटिक हालचाल जाणायची तर हृदयातून रक्तात झिरपणारं नॉरॲड्रेनलिन (सिंपथेटिक नसांतून सुटणारं रसायन) मोजावं लागतं, आणि त्यासाठी कॅथेटर हृदयाच्या शिरेपर्यंत न्यावा लागतो.