सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही?

आमची मुलगी ३१ आठवड्यांना झाली, वजन १४०० ग्रॅमच्याही जरा खाली. "बाळाला काचेत ठेवलंय" एवढं कळल्यावर आत्याचा फोन आला आणि तिचा पहिला प्रश्न, "अरे, सातवा का आठवा?" आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि ठोकून दिलं, "सातवा, वन्सं, सातवाच." आत्या एकदम निर्धास्त. कारण सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं.

मी बाहेरच्या बाकावर बसून हिशोब केला. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणजे २१७ दिवस, सात महिने होऊन आठवा लागलेला. पण गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, तिथून मोजलं तर सातवाच चालू. बाळ एकच, आणि कुठून मोजायचं त्यावर ते जगणार की नाही ते ठरणार! गंमत म्हणजे प्राचीन ग्रीक वैद्यांचीही हीच समजूत होती, त्यामुळे आत्या एकटी नाही.

खरं तर उलट आहे. पोटात गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे बुडबुडे. इथे मी जरा रमणार आहे, सांभाळून घ्या.

फुफ्फुसात शेवटी बारीक बारीक हवेच्या पिशव्या असतात, वायुकोश, मोठ्या माणसात एकेक साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. आतून ओलसर. आता पाण्याच्या पृष्ठभागाला आक्रसायची सवय, शाळेत शिकलेला पृष्ठताण तो हाच, म्हणून वायुकोश कायम मिटायला बघतो. तो उघडा ठेवायला लागणारा दाब म्हणजे दोन गुणिले पृष्ठताण भागिले त्रिज्या, लाप्लासचा नियम. त्रिज्या निम्मी तर दाब दुप्पट. म्हणजे जो आधीच बारका आहे त्यालाच उघडं राहणं जास्त कठीण, आणि दोन बुडबुडे नळीने जोडले तर छोट्यातली हवा मोठ्यात जाते आणि छोटा संपतो. (खरं फुफ्फुस म्हणजे सुटे फुगे नाहीत, शेजारच्या भिंती एकमेकींना ओढून धरतात, पण ते राहू दे.)

यावर शरीराने काढलेला तोडगा म्हणजे सर्फॅक्टंट. वायुकोशाच्या भिंतीतल्या काही पेशी साबणासारखा स्निग्ध पदार्थ सोडतात, त्याच्या रेणूंचं एक टोक पाण्यात, दुसरं हवेत. खरी करामत पुढे आहे. श्वास सोडला की वायुकोश लहान होतो, पृष्ठभाग कमी होतो, हे रेणू मुंबईच्या लोकलसारखे दाटीवाटीने उभे राहतात, आणि नुसत्या पाण्याचा जो पृष्ठताण अंगाच्या तापमानाला ७० मिलिन्यूटन प्रति मीटर असतो तो जवळजवळ शून्यावर येतो. त्रिज्या घटली तर ताणही घटला, मग भागाकार बिघडतच नाही! जितकं लहान तितकं जास्त संरक्षण. मला हे इतकं आवडतं की सिस्टरना पण सांगत होतो, त्या म्हणाल्या, "सर, आधी हात धुवून या, कोपरापर्यंत."

हे सर्फॅक्टंट साधारण २४व्या आठवड्यापासून बनायला लागतं आणि पुरेसं होतं ते ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी आलेल्या बाळाला प्रत्येक श्वास म्हणजे नवा फुगा पहिल्यांदा फुगवल्यासारखा, ती पहिली फुंक कशी गाल दुखवते तसा. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी दाखवलं की अशा मेलेल्या बाळांच्या फुफ्फुसात हा पदार्थच कमी होता. तरी १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक, साडेपाच आठवडे आधी झालेला, २.१ किलोचा, ३९ तासांत याच आजाराने गेला. आठव्यातलाच की, आत्या म्हणेल. पण महिना नडला नाही, सर्फॅक्टंट नडलं, आणि तेव्हा ते द्यायची सोय नव्हती. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गायीच्या फुफ्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडून दाखवलं. आज गायीचं किंवा डुकराचं वापरतात. आमच्या घरी हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्याआधीची पायरी आईच्या दंडावरची. बायकोला पाणी गेल्यावर दर बारा तासांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू केलं, चारातली तीन झाली. त्याने बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. हा शोध न्यूझीलंडचा डॉक्टर लिगिन्स याचा. तो मेंढ्यांमध्ये बाळंतपण कशाने सुरू होतं ते शोधत होता, आणि स्टेरॉइड दिल्यावर इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू, जे जगायलाच नको होतं, ते चक्क श्वास घेत होतं. मग १९७२ मध्ये त्याच्या आणि सहकारी डॉक्टर हाऊईच्या बायकांवरच्या चाचणीचा तसाच निष्कर्ष आला. स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात, इथे घाबरू नका.

आमची पहिल्या दिवशी कण्हत होती. ते रडणं नव्हतं. श्वास सोडताना बाळ गळा अर्धवट मिटून घेतं, म्हणजे आत थोडा दाब राहतो आणि वायुकोश मिटत नाहीत. कुणी शिकवलं तिला? सीपॅपचं मशीन हेच करतं. नाकातून हवा, आणि बाहेर जायच्या नळीचं टोक बाटलीत पाच सेंटिमीटर पाण्याखाली बुडवलेलं, झाला पाच सेंटिमीटरचा दाब. दिवसभर बुडबुड, बुडबुड. मॉनिटरपेक्षा मी त्या बाटलीकडे जास्त बघायचो.

चौथ्या दिवशी बायकोने काढलेलं दोन मिली दूध मी दिलं, नळीला सिरिंज लावून हात वर धरायचा, "दट्ट्या दाबू नका, आपोआप उतरू दे." आणि ज्यांच्या घरून मध-घुटीच्या बाटल्या येतात त्यांनी त्या परत पाठवा, भांडण झालं तरी चालेल. त्या आतड्याला आईचं दूधच पचवताना घाम फुटतो.

मग कांगारू, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं. कोलंबियातल्या बोगोटात १९७०च्या दशकाच्या शेवटी बाळं ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडायच्या म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. गरिबाचा जुगाड म्हणून बघायचे लोक. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीत, १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्या जन्मल्या छातीशी ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. बापाची छातीही चालते. शर्टाची बटणं सोडून बसलो, सिस्टरनी टोपी-मोज्यातली ती उभी ठेवली, बेडकासारखे पाय, वरून कापड गुंडाळलं. काही मिनिटांत तिचा श्वास मला माझ्या बरगडीवर मोजता यायला लागला, आणि पंधरा मिनिटांनी तो थांबला. अलार्म. सिस्टरनी तळव्याला टिचकी मारली, सुरू झाला. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं, त्यासाठी कॅफीन देतात, हो, कॉफीतलंच.

३८ दिवसांनी घरी आलो. आत्या बघायला आली, बोटं मोजली, काजळाची तीट लावली (कानामागे, तेवढं चाललं) आणि म्हणाली, "सातव्यातलीच ही, तोंडावरूनच कळतं." मी लाप्लास काढणार होतो, आईने माझ्याकडे असं बघितलं की गप्प बसलो.