बोट-ट्रेलरचे ब्रेक : ड्रमऐवजी डिस्क

मोटारगाडीमागे जोडून बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे मूळचे ड्रम ब्रेक काढून त्या जागी डिस्क ब्रेक बसविण्याचे काम. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्याला (ड्रम) अस्तर लावलेले ‘शू’ आतून दाबतात; डिस्क ब्रेकमध्ये फिरत्या चकतीला (डिस्क) दोन्ही बाजूंनी ‘पॅड’ दाबतात. यात चाकाकडील भागांबरोबर जोडदांड्यातील (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यातील) मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मुख्य सिलिंडर, तेलाच्या नळ्या आणि ट्रेलर मागे ढकलताना ब्रेक मोकळा ठेवणारी व्यवस्थाही बदलावी लागते. गॅरेजात ‘डिस्क टाकली’ असे म्हटले जाते तेव्हा पुष्कळदा पहिलाच भाग झालेला असतो, आणि तक्रारी उरतात त्या बाकीच्या भागांच्या.

नाशिकमध्ये हा विषय मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या (मातीचे धरण, १९६५ मध्ये पूर्ण) जलाशयाशी निगडित आहे. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. वल्हवण्याच्या शर्यती बोटींना हा प्रश्न पडत नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या एकेरी प्रकारात उतरले, त्या प्रकारातील बोटीचे किमान वजन अवघे १४ किग्रॅ. असते, ती गाडीच्या टपावरूनही जाते. ब्रेकचा विचार सुरू होतो तो फायबरच्या, इंजिन बसविलेल्या बोटींपासून.

इतिहास : ड्रम ब्रेकचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ फ्रान्सचे लुई रनो यांना (१९०२) देतात. तथापि व्हिल्हेल्म मायबाख यांनी सु. १९००–०१ मध्ये मर्सिडीज गाडीवर साध्या स्वरूपाचा ड्रम ब्रेक वापरला होता. त्यामुळे रनो यांना आद्य संशोधक म्हणण्यापेक्षा ही रचना रूढ करणारे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. डिस्कच्या बाबतीत वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेतील एल्मर स्पेरी यांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीत (सु. १८९८) पुढच्या चाकांना चकतीवर दाबणारे ब्रेक होते, परंतु ते विद्युत्-चुंबकाने चालत. बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या रचनेत फिरती चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली जाते, आणि आजच्या कॅलिपरचे (पॅड चकतीवर दाबणाऱ्या जबड्याचे) नाते याच कल्पनेशी लागते. स्पेरींचा अग्रक्रम कालक्रमाने खरा असला, तरी तंत्राची परंपरा लँचेस्टरपासून मोजणे योग्य वाटते. लँचेस्टर यांचे ब्रेक तांब्याच्या अस्तरामुळे कर्कश वाजत. पुढे हर्बर्ट फ्रूड यांच्या अ‍ॅस्बेस्टस अस्तराने (सु. १९०७) ही अडचण कमी झाली, तरी मोटारींत डिस्क मागेच राहिली. १९५३ च्या ल माँ शर्यतीत डनलॉप डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली आणि १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊन बाजारात आली. त्यानंतर चित्र पालटले. ट्रेलरकडे डिस्क त्यामानाने उशिरा वळली. तेलाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकचे एकस्व माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये घेतले होते, आणि दोन्ही प्रकारांच्या ट्रेलर-ब्रेकमध्ये आज तेच तत्त्व वापरले जाते. युरोपात मात्र तारेने ओढले जाणारे यांत्रिक ड्रम ब्रेक अजून सर्रास आढळतात.

कार्य : बोट-ट्रेलरच्या ब्रेकला गाडीच्या पेडलाशी जोडलेली नळी नसते. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर आपल्या वेगामुळे पुढे रेटतो. जोडदांड्याचा सरकता भाग आत दबतो व त्यातील मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलला जातो. या ‘रेट्याच्या’ ब्रेकचे वैशिष्ट्य असे की ट्रेलर जितका जड आणि गाडीचा ब्रेक जितका जोराचा, तितका दाब आपोआप वाढतो.

ड्रमचे मुख्य दुखणे पाणी हे आहे. बोट उतरविताना चाके बुडतात, ड्रममध्ये पाणी शिरते आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. पाण्याबरोबर गाळही जातो. गंगापूरसारख्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी मागे हटते, उताराचा पक्का भाग उघडा पडतो आणि ट्रेलर थेट चिखलात न्यावा लागतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रेलरचा ड्रम उघडला तर आत काळ्या मातीचा सुकलेला लगदा, गंजून तुटायला आलेल्या स्प्रिंगा आणि ड्रमला चिकटून बसलेला शू असे दृश्य दिसते; ड्रम हातोडीने ठोकून काढताना कधी शूचे अस्तर (लायनर) पत्र्यापासून सुटून ड्रममध्येच राहतो. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा दट्ट्या अडकणे हीही नेहमीची बाब. गोड्या पाण्याने धुण्यासाठी ड्रमच्या पाठीला नळी जोडण्याची सोय काही ठिकाणी करतात, पण गाळावर तिचा उपयोग बेताचाच. डिस्क उघडी असल्याने पाणी पहिल्या काही फेऱ्यांत झटकले जाते, आणि पॅड किती उरला हे चाक न काढता बहुधा दिसते.

परदेशी पुस्तिकांत डिस्कच्या बाजूने दिले जाणारे पहिले कारण समुद्राचे खारे पाणी हे असते. नाशिकच्या गोड्या पाण्याला ते तितकेसे लागू होत नाही. येथे अधिक वजनाचे कारण घाट हे आहे. मुंबई–आग्रा मार्गावर इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना (थळ घाट) उंची सु. ३०० मी. कमी होते. बोटीसह ट्रेलरचे वजन २,००० किग्रॅ. धरले, तर सु. ५९ लाख जूल ऊर्जा कोठेतरी मुरावी लागते. दोन्ही ड्रम मिळून २० किग्रॅ. बीड आहे आणि सगळी उष्णता त्यातच साठली असे मानले, तर तापमान ६०० अंश से. हून अधिक वाढेल. प्रत्यक्षात हवा, टायर आणि पुढच्या गाडीचे इंजिन यांत बराच वाटा जातो. तरीही गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनावर रोखली की ट्रेलरच्या ब्रेकला विश्रांती मिळते, हा समज येथे चुकतो. गाडी कशानेही रोखली तरी ट्रेलर तिला रेटतच राहतो आणि त्याचे ब्रेक घाटभर हलके लागलेले राहतात. तापलेला ड्रम व्यासाने फुगून शूपासून दूर जातो आणि दट्ट्याला अधिक चाल लागते. डिस्क तापली की जाडीने किंचित वाढते, म्हणजे पॅडकडेच सरकते. शिवाय तिला दोन्ही बाजूंनी वारा लागतो. अर्थात हा युक्तिवाद कोकणाकडे उतरणाऱ्या ट्रेलरपुरता आहे. शहर ते धरण एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या ट्रेलरला सुस्थितीतला ड्रम पुरतो.

दाबाचा प्रश्न : कामाचे मर्म येथे आहे. ड्रममधील पुढचा शू फिरत्या ड्रममुळे स्वतःहून आत ओढला जातो, त्यामुळे थोड्या दाबात मोठे बल मिळते. ब्रेकचे बल व दट्ट्याचे बल यांचे गुणोत्तर साध्या दोन-शू ड्रमसाठी सु. २, एकमेकांना ढकलणाऱ्या सर्वो शूंसाठी सु. ५ आणि डिस्कसाठी सु. ०.८ इतके येते. डिस्कला हे ओढले जाणे मुळीच मिळत नाही. ती तूट कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्याने आणि वाढीव दाबाने भरून काढावी लागते. सर्वसाधारणपणे ड्रमचे काम सु. ७० बारमध्ये (बार हे दाबाचे एकक) भागते, तर डिस्कच्या जोडणीला १०० बारच्या वर दाब देणारा मास्टर सिलिंडर लागतो. जुन्याच सिलिंडरवर कॅलिपर बसविले तर ब्रेक ‘लागतो’, पण ट्रेलर थांबत नाही, आणि दोष पॅडला दिला जातो. दुसरी खोच अवशिष्ट दाब राखणाऱ्या झडपेची. ड्रमच्या सिलिंडरमध्ये ही झडप सु. ०.७ बार दाब नळीत धरून ठेवते. तेथे शूंच्या स्प्रिंगा तो पेलतात. डिस्कला परतीची स्प्रिंग नसते, म्हणून पॅड चकतीला घासत राहतात आणि हब (चाकाचा मधला भाग) तापतो. ही झडप काढावीच लागते. तापून तेल उकळले की ब्रेक निकामी होतो. ब्रेक ऑइल डॉट ३ या प्रतीचे असेल तर ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश से., पाणी शोषलेल्याचा १४० अंश से.; डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. पाण्यात बुडणाऱ्या यंत्रणेला घाट उतरायचा असेल तर डॉट ४ आणि वेळेवर तेलबदल श्रेयस्कर.

मागे घेणे : ट्रेलर चढावर मागे ढकलला तरी जोडदांडा दबतो व ब्रेक लागतो. ट्रेलरच्या बऱ्याच ड्रम ब्रेकमध्ये उलट्या फिरण्यात शू सैल पडण्याची सोय असते. डिस्कला दिशा कळत नाही. म्हणून नळीत विजेवर चालणारी झडप बसवून ती गाडीच्या रिव्हर्स लाइटच्या तारेला जोडतात. रिव्हर्स गिअर पडला की तेलाचा मार्ग बंद होतो. या तारेसाठी सॉकेटमध्ये एक जादा पिन लागते. तार न जोडता सरकत्या भागात खिटी अडकवून काम भागविण्याची पद्धतही दिसते. ती काढायची राहिली तर ट्रेलर रस्त्यावर बिनब्रेकचा धावतो.

जोडणी : अ‍ॅक्सलवर ज्या चौकोनी पट्टीला ड्रमची पाठ-प्लेट चार किंवा पाच बोल्टांनी बसते, त्याच पट्टीवर कॅलिपरचा ब्रॅकेट येतो. पट्टी नसेल तर ती वेल्ड करावी लागते, आणि येथे सातपूर–अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील लेथ व फॅब्रिकेशनच्या कामाची सवय उपयोगी पडते. ब्रॅकेट स्पिंडलशी (चाकाच्या आसाशी) समकेंद्र नसेल तर पॅड तिरके झिजतात. डिस्क हबसह एकसंध मिळते किंवा जुन्या हबवर चढविता येते. दुसरा प्रकार स्वस्त, मात्र हबचा दर्शनी भाग लेथवर सपाट केलेला हवा. रिमच्या आत कॅलिपरला जागा आहे का, हे चाक हाताने फिरवून आधीच पाहतात. नळ्यांतील हवा काढताना निप्पल (हवा सोडण्याचे तोंड) कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बाजूला असले पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की निप्पल खाली येते आणि कितीही तेल सोडले तरी वरचा बुडबुडा निघत नाही. ‘सिलिंडर खराब’ म्हणून परत आलेल्या कामांत हे कारण आधी तपासण्याजोगे.

चकतीचा धातू हा खर्चाचा मुख्य घटक. साधे बीड गोड्या पाण्यात चालते. वर येणारा पातळ गंज पहिल्या ब्रेकमध्ये पुसला जातो, पण ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहिला तर पॅडखालच्या जागी खड्डे पडतात आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात. जस्ताचा मुलामा दिलेली किंवा चुंबक चिकटणाऱ्या प्रकारच्या स्टेनलेस पोलादाची चकती खाऱ्या पाण्यासाठी अधिक टिकाऊ. स्टेनलेस उष्णता बिडापेक्षा सावकाश वाहते, हे घाटाच्या दृष्टीने तिचे वैगुण्य.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे. भारतीय वर्गीकरणात ०.७५ टनापर्यंतचा ट्रेलर टी१, तर त्यापुढे ३.५ टनांपर्यंतचा टी२ गणला जातो. इंजिनाच्या बोटींचे बहुतेक ट्रेलर दुसऱ्या वर्गात पडतात. अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करून ठेवणे इष्ट.